हवेत राहिलेला टोणपेचा बॉल

हे मला सांगायला लावू नका असं मी दहादा म्हटलं. पण इथं येणारा प्रत्येक जण बाकावर बसतो, वर बघतो आणि मलाच विचारतो. म्हणून एकदाच सांगतो: मुरलीधर टोणपेने जिल्ह्याच्या फायनलमध्ये टाकलेला बास्केटबॉल बत्तीस वर्षं खाली आला नाही.

यात विचारण्यासारखं काय आहे ते मला कळत नाही. टोणपेने बॉल टाकला, तो वर गेला, रिंगच्या दोन हात वर पोचला आणि तिथं थांबला. काही बॉल लवकर येतात, काही उशिरा. खरी भानगड बॉलची नव्हतीच. भानगड पेपरची होती, आणि ती ज्याच्या जिवाला लागली तो दौलत हिंगमिरे. मैदानाला लागून त्याचं चहा-भज्यांचं हॉटेल आहे. त्याचीच गोष्ट सांगतो, म्हणजे माझी मधेमधे लुडबूड नको.

आमच्या हरणगावला तेव्हा बास्केटबॉलचं वेड होतं. बाकीची गावं क्रिकेट खेळायची, आमची पोरं टोणपेसारखी उडी मारायची. टोणपे सहा फूट दोन इंच. दौलत त्याला रोज चार अंडी फुकट द्यायचा आणि गिऱ्हाइकांना सांगायचा, "ह्याच्यातला एक इंच माझा आहे." फायनल आमच्याच मैदानावर होती, समोर शहराचा जिमखाना. शेवटच्या क्षणी जिमखाना साठ, आम्ही अठ्ठावन्न. बॉल टोणपेच्या हातात. पडला तर बरोबरी. टोणपेने उडी मारली, बॉल हातातून सुटला, मग वेळ संपल्याची घंटा झाली.

दैनिक पंचप्रहरचा क्रीडा प्रतिनिधी रमाकांत उपळेकर मात्र तेव्हा मैदानावर नव्हता. त्या काळी तालुक्याची बातमी जिल्ह्याला एसटीने जायची. पाकिटात घालून ड्रायव्हरच्या हातात द्यायची, तिकडे स्टँडवर पेपरचा माणूस ती उतरवून घ्यायचा. शेवटची गाडी सामना संपायच्या आधी सुटायची. त्यामुळे उपळेकर बातमी घरूनच लिहून आणायचा आणि मैदानावर नुसते आकडे भरायचा. त्या दिवशी त्याने आणलेल्या बातमीत लिहिलं होतं, 'टोणपेचा नेम चुकला, जिमखाना अजिंक्य.' जिमखान्याचा कप्तान उपळेकरचा सख्खा मेहुणा होता, हे त्याने बातमीत लिहिलं नव्हतं. जागा कमी असेल.

सकाळी सगळ्या जिल्ह्याने बातमी वाचली. आम्हीही वाचली, बॉलच्या खाली उभं राहून.

पंच होते मुल्ला सर, हायस्कूलचे पीटीचे मास्तर. माणूस नियमाचा पक्का. त्यांनी सांगितलं, "घंटेच्या आधी बॉल हातातून सुटलाय. आता तो आत पडतो का बाहेर, हे कळल्याशिवाय निकाल नाही. सामना चालू आहे. कुणी बॉलला हात लावायचा नाही." आणि शिट्टी गळ्यातच ठेवली. पुढे सर शाळेतून रिटायर झाले, सामन्यातून झाले नाहीत. नातवाच्या बारशालाही शिट्टी घालून गेले.

तेव्हापासून हरणगावात बॉलची राखण सुरू झाली. दौलतने मैदानाकडेला बाक टाकले. रोज संध्याकाळी पाच-सहा जण बसायचे. कबुतर बसू द्यायचं नाही, पतंगाचा मांजा अडकू द्यायचा नाही, गणपतीत मांडव घालताना बांबू लागू द्यायचा नाही. बॉल तिथल्या तिथं हळूहळू मागच्या बाजूला फिरत असायचा, टोणपेने मनगटाने फिरकी दिली होती तसा. दौलत म्हणायचा, "फिरकी बघा. आत जाणार म्हणजे जाणार."

टोणपे मात्र मैदानावर फिरकला नाही. त्या दिवशी जो गेला तो गेलाच. सूतगिरणीत कारकून झाला आणि घरी जायला मैदानाचा जवळचा रस्ता सोडून बाजारपेठेतून वळसा घालून जायला लागला. खाली मान घालून चालायचा. एवढा उंच माणूस, पण गावाला त्याचा चेहरा कमी आणि टक्कल जास्त माहीत. दौलत म्हणायचा, "पेपरने दुखावलंय पोराला. त्याला बॉलकडे बघवत नाही."

दुखावणारच. उपळेकरने पिच्छाच सोडला नाही. दरवर्षी फायनलच्या तारखेला चुकलेल्या नेमावर त्याचा लेख ठरलेला. टोणपेला नोकरी लागली तेव्हा, 'नेम चुकलेल्या खेळाडूची सूतगिरणीत नेमणूक.' टोणपेच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा, 'नेम चुकलेल्या खेळाडूच्या कन्येचा विवाह थाटात.' जिमखान्याचे लोक पुढे एका सामन्यात ओळीने दहा वेळा चुकले, त्याची बातमी आली, 'वाऱ्याची साथ लाभली नाही.' तो सामना बंदिस्त हॉलमध्ये झाला होता.

आम्ही पंचप्रहरवर बहिष्कार टाकला. दौलतने हॉटेलातला पेपर बंद केला. मग आज काय छापलंय ते कळेना, म्हणून जो तो शेजारच्या सलूनमध्ये जाऊन वाचायला लागला. सलूनवाल्याने पंचप्रहरच्या दोन प्रती घ्यायला सुरुवात केली. शेवटी दौलतने रद्दी आणली आणि ठरवलं, भजी क्रीडापानातच बांधायची. तेलाने उपळेकरचं नाव पुसलं जायचं, तेवढंच समाधान.

टोणपेही गिरणीतल्या पोऱ्याला भजी आणायला धाडायचा आणि न चुकता निरोप द्यायचा, "पंचप्रहरमध्येच बांधा म्हणावं." दौलतला त्याचा फार अभिमान. सगळ्यांना सांगायचा, "वाघ आहे वाघ. शत्रूच्या पानात भजी खातो."

एकदा दौलत आणि आम्ही चौघं जिल्ह्याला पंचप्रहरच्या कचेरीत गेलो. टेबलामागे एक उपसंपादक बसला होता, गोरटेला, चष्मेवाला. दौलतने सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"बॉल हवेत आहे?"

"आहे."

"कधीपासून?"

"फायनलपासून."

"मग ती बातमी जुनी झाली."

"अहो, पण आत्ता, या घटकेला आहे!"

"असेल. पण आमच्या पेपरात तो खाली पडलाय. एकदा पडलेला बॉल आम्ही परत वर नेला तर वाचक गोंधळतो. खाली आला की कळवा, थोडक्यात लिहून. सुवाच्य अक्षरात."

"तुमच्या प्रतिनिधीने बघितला का पडताना?"

"त्याशिवाय छापलं का?" तो म्हणाला आणि आम्हाला चहा पाजला. चहा बरा होता, हे दौलतनेही कबूल केलं.

सगळ्यात वाईट म्हणजे लोकांना पेपर पटायचा. बाहेरगावचा पाहुणा मैदानात यायचा, वर बॉल बघायचा, दौलतकडून सगळं ऐकायचा आणि म्हणायचा, "हो, आहे खरा बॉल. पण नेम चुकला बिचाऱ्याचा." दौलतच्या धाकट्या सुनेच्या माहेरचेही तसेच. त्यांच्यात आणि दौलतमध्ये त्यावरून दोन दिवाळ्या बोलणं नव्हतं.

बत्तीस वर्षं अशी गेली. चाललं असतं अजून. पण नगरपालिकेने मैदानावर भाजी मंडई बांधायची ठरवली. दौलत मुख्याधिकाऱ्यांकडे गेला. म्हणाला, "साहेब, सामना चालू आहे."

साहेबांनी नियम बघितला. नियम होता. चालू सामन्याचं मैदान घेता येत नाही. साहेब माणूस चांगला होता, त्याने खिडकीतून बॉलही बघितला. मग म्हणाला, "पण हिंगमिरे, सामना संपल्याचं पेपरात आलेलं आहे. त्यानंतर तो चालू असल्याचं कुठं आलेलं नाही. मला आधार काय? तुम्ही पेपरात आणा, मी मंडई दुसरीकडे नेतो. नाहीतर दसऱ्यानंतर बोर्ड आणि रिंग काढावी लागेल."

दौलत हॉटेलात परत आला तेव्हा त्याचा चेहरा कढईतल्या तेलासारखा काळा पडला होता. "कळतंय का तुम्हाला?" तो म्हणाला. "रिंग काढली, आणि मग बॉल खाली आला, तर तो कशात पडणार? जमिनीवर. म्हणजे चुकला. बत्तीस वर्षांनी उपळेकर खरा होणार."

मुल्ला सरांनी शिट्टी हातात धरली, पण वाजवण्यासारखं काही नव्हतं.

"मोर्चा काढू," मी म्हणालो.

"मोर्चा छापत नाहीत."

"उपोषण?"

"ते तर अजिबात नाही." दौलत जरा वेळ कढईकडे बघत राहिला. मग त्याने झारा खाली ठेवला. "पण सत्कार छापतात. आजवर सत्काराची बातमी दाबलेली ऐकलीय कुणी? फोटोसकट येते. आपण उपळेकरचाच सत्कार करायचा. बॉलखाली. त्याच्या डोक्यावर बरोबर बॉल येईल असं स्टेज घालायचं. फोटोत बॉल आला की झालं. त्याचाच पेपर, त्याचाच फोटो. तो काय स्वतःचा फोटो टाकणार नाही?"

मुल्ला सर म्हणाले, "दौलत, तू हॉटेल काढून चूक केलीस. तू नगराध्यक्ष व्हायचास."

उपळेकर आता कार्यकारी संपादक झाला होता. निमंत्रण गेलं आणि होकार लगेच आला. शाल कोणत्या रंगाची आहे एवढंच त्याने विचारलं.

दौलत टोणपेच्या घरी गेला. टोणपे अंगणात जमिनीकडे बघत बसला होता.

"मुरली, तू पाहिजेस. तू नसशील तर त्याला काय अर्थ?"

"मी कशाला, अण्णा? त्यांचा सत्कार, तुमची हौस."

"तुझ्या नावासाठी चाललंय हे सगळं!"

"माझ्या नावाचं काय व्हायचंय आता."

"चार अंडी रोज, मुरली. कधी काही मागितलं का?"

टोणपेने अंगणातली काडी उचलून मोडली. मग म्हणाला, "मागे बसेन. पुढे बोलावू नका."

सत्काराच्या दिवशी सगळा गाव मैदानावर. खुर्च्या, सनई, फेटे. बॉलच्या बरोबर खाली मानाची खुर्ची. फोटोग्राफर पंचप्रहरचाच आणला होता, म्हणजे पेपरला 'फोटो आमचा नाही' असं म्हणता येऊ नये. मोटार आली. उपळेकर उतरला. उपळेकरच्या मानेला पट्टा होता. पांढरा, जाड, हनुवटीपर्यंत येणारा.

"मानेचा त्रास आहे," उपळेकर म्हणाला. "वर बघायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलंय."

"केव्हापासून?" दौलतने विचारलं.

"तसं बरीच वर्षं."

शाल झाली, श्रीफळ झालं, फेटा झाला. फोटो निघाले. टोणपे शेवटच्या रांगेत, मान खाली. दौलत भाषणाला उठला. त्याने चार ओळी पाठ केल्या होत्या, त्या विसरला. नुसता हात जोडून म्हणाला, "साहेब, तुम्ही मोठे. आमचं काही म्हणणं नाही. फक्त एकदा वर बघा."

"सांगितलं ना, बघता येत नाही."

मग दौलतने सलूनवाल्याला खूण केली. त्याने आपला मोठा आरसा उचलून आणला आणि उपळेकरच्या पुढ्यात आडवा धरला. आरशात आकाश, रिंग आणि हळूहळू फिरणारा बॉल, सगळं स्वच्छ दिसत होतं. सनईवाला वाजवायचा थांबला.

उपळेकरने आरशात बघितलं. चष्मा पुसून परत बघितलं.

"काहीतरी गोल आहे," तो म्हणाला.

"बॉल आहे, साहेब!" सगळी रांग ओरडली.

"असं बघा," उपळेकर माईकवर म्हणाला, आणि आवाज इतका सभ्य की राग यायलाही जागा राहिली नाही. "आरशात सगळं उलटं दिसतं. डावं ते उजवं. उलटं बघून सुलटं छापणं हे माझ्या पेशात बसत नाही. मी आयुष्यभर पथ्य पाळलंय." मग त्याने घड्याळ बघितलं. "आवृत्ती सुटायची वेळ झाली. आजच्या सोहळ्याची बातमी मी लिहूनच आणलीय, काळजी करू नका." खिशावर हात मारून त्याने दाखवलंही.

नारळ घेऊन तो मोटारीत बसला. मोटार वेशीतून बाहेर पडली, धुरळा खाली बसला. आणि बॉल खाली आला.

घाईने नाही. मधे थांबून, पुढचा रस्ता विचारून निघाल्यासारखा. रिंगच्या पुढच्या कडेवर टेकला, कडेने एक गोल फिरला, मग दुसरा. दौलतने माझा दंड धरला होता तो सुजेपर्यंत दाबला. बॉल जरा बाहेर कलला, जरा आत कलला, आणि जाळीतून सरळ खाली पडला. टप्पे घेत मानाच्या खुर्चीखाली जाऊन राहिला.

मुल्ला सरांनी शिट्टी फुंकली. बत्तीस वर्षांची शिट्टी, आधी नुसती धूळ निघाली, मग आवाज. त्यांनी दोन बोटं वर केली. "बास्केट झाली! साठ-साठ, बरोबरी. पाच मिनिटं जादा खेळ!"

मी लंगडत जाऊन फळ्यावरचे अठ्ठावन्न पुसले आणि साठ केले. लंगडत, कारण बॉलवर बसायला आलेल्या घारीला हाकलायला मी एकदा नारळीवर चढलो होतो, तिथून पडलो, तेव्हापासून माझा उजवा गुडघा दुमडत नाही. ते असो.

गाव नुसता नाचत होता. दौलत नाचला नाही. तो बॉल उचलून शेवटच्या रांगेत गेला. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते पुसायचंही त्याला सुचलं नाही. "मुरली, गेला आत! बघितलास?"

टोणपे खालीच बघत होता. "हा दुसरा असेल, अण्णा," तो म्हणाला. "माझा चुकला होता."

"कुणी सांगितलं?"

"पेपरात आलं होतं की."

दौलत म्हणाला, "अरे, टाकलास तू. तू तिथं उभा होतास!"

"बॉल सुटला की मी डोळे मिटायचो, अण्णा. नेहमीच. जाळीचा आवाज आला की उघडायचो. त्या दिवशी आवाज आला नाही. मला वाटलं, चुकला. खाली मान घालून घरी गेलो. सकाळी पेपर वाचला, तर तेच लिहिलेलं."

"बत्तीस वर्षांत एकदा वर बघायचंस ना!"

"कशाला? पेपर रोज वाचतच होतो. तुमच्याकडून भजी आली की तेल निथळून घ्यायचो. वाचता यायचं."

दौलत खुर्चीवर बसला. इतक्या वर्षांत मी त्याला गिऱ्हाईक समोर असताना बसलेलं पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पंचप्रहरमध्ये सत्काराची बातमी आली. फोटोत उपळेकर फेट्यापर्यंत होता, फेट्याच्या वर कापलेलं. शेवटची ओळ होती, 'टोणपे यांचा नेम जिथे चुकला त्या ऐतिहासिक मैदानावर हा सोहळा पार पडला.' जिमखान्याला जादा पाच मिनिटं खेळायला या म्हणून निरोप धाडला होता. त्यांचं उत्तर आलं, "आम्ही जिंकलोय, पेपरात आहे."

मुख्याधिकारी स्वतः मैदानावर आले. दुःखी झाले होते. म्हणाले, "हिंगमिरे, आता तर बॉलही नाही. सामना चालू आहे असं मी कशावरून म्हणू?"

तेवढ्यात टोणपे आला. बाजारपेठेतून नाही, जवळच्या रस्त्याने. हातात ती बातमी होती. दौलतसमोर उभा राहिला. "बघा, आजही तेच आहे," तो म्हणाला. पण आवाज कालच्यासारखा नव्हता.

दौलतने भजी दिली. कागदात नाही, स्टीलच्या ताटलीत. दुसऱ्या हाताने बॉल पुढे केला. "समोरचा संघ आला नाही तरी जादा वेळ तुझाच आहे. सर, चालेल?"

"चालेल," मुल्ला सर म्हणाले आणि शिट्टी वाजवली.

टोणपे अठ्ठावन्न वर्षांचा, पोट सुटलेला. उडी कसली, नुसत्या टाचा उचलल्या. बॉल सुटला. "डोळे!" दौलत ओरडला. टोणपेने डोळे उघडे ठेवले. बॉल वर गेला, रिंगच्या दोन हात वर पोचला, आणि तिथं थांबला. हळूहळू मागे फिरत.

मुल्ला सर म्हणाले, "बॉल हवेत आहे. सामना चालू."

साहेबांनी एकदा वर बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि खाली उभं राहूनच मंडईचा कागद घडी करून खिशात घातला. बॉल सुटून वर थांबताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर पेपरचा आधार वेगळा लागत नाही, असं त्यांच्या लक्षात आलं असावं. मंडई आता जुन्या स्टँडमागे झालीय.

टोणपे तेव्हापासून रोज संध्याकाळी येतो. आमच्याच बाकावर बसतो आणि वर बघत राहतो. बत्तीस वर्षांची राहिलेली सगळी मान आता वर करतो. दौलतने त्याला माफ केलं, परत अंडी सुरू केली. दौलत तसाच आहे, मऊ. उपळेकरबद्दलही माझं काही म्हणणं नाही, त्या माणसाला गाडी पकडायची होती. पण ज्याच्यासाठी मी नारळीवर चढलो आणि जो तेव्हा घरी बसून भज्यांचा कागद वाचत होता, त्याने माझ्या गुडघ्याची माफी मागायला नको? माझ्या शेजारीच बसतो रोज, हाताच्या अंतरावर. अजून मागितलेली नाही. मुरलीधर टोणपे.